लातूरला रेल्वे आणणारा इंग्रज, ज्याच्या नावाचं इंजिन आता फक्त कपाटात सापडतं

समजा, आजोबांच्या जुन्या पेटीत एक छोटं रेल्वे इंजिन सापडलं. पितळेचं, हातात धरलं की चांगलं जड लागणारं, एका बाजूचा रंग उडालेला. घरात कुणालाच माहीत नाही की हे कुठल्या गाडीचं मॉडेल आहे. अशा वेळी पहिली चूक सगळेच करतात. ते इंजिनाचा रंग आणि आकार बघतात. रंग तर कुणीही फासू शकतो. जाणकार माणूस इंजिन उलटं करतो, चाकं मोजतो आणि दोन चाकांमधलं अंतर मोजपट्टीने घेतो.

इंग्लंडमध्ये मॉडेल रेल्वेचा नाद असलेल्या घरांमध्ये एक इंजिन बऱ्याचदा निघतं. पुढे दोन छोटी चाकं, मध्ये सहा मोठी, मागे चार छोटी. कपाळावर इंजिनाच्या मानाने भलताच मोठा दिवा. आणि बाजूला नावाची पाटी, ई. आर. कॅलथ्रॉप. ज्यांना हे इंजिन वारशात मिळतं त्यांना हे इंग्लंडच्या डोंगराळ भागातल्या एका छोट्या रेल्वेचं इंजिन आहे, एवढं लगेच कळतं. पण ज्या माणसाचं नाव त्याच्यावर आहे त्याने आपली सगळी अक्कल आधी पणाला लावली होती ती बार्शी आणि लातूरच्या काळ्या मातीत.

एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉपचा जन्म ३ मार्च १८५७ चा. घर शेतकऱ्याचं, इंग्लंडमधल्या लिंकनशायर परगण्यातलं. सात भावांमधला हा थोरला. त्याचा एक धाकटा भाऊ गाय कॅलथ्रॉप पुढे लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न या बड्या रेल्वे कंपनीचा जनरल मॅनेजर झाला आणि सर झाला. थोरल्याच्या वाट्याला असली पदवी आली नाही.

शाळा संपल्यावर एव्हरार्ड रॉबर्ट स्टीफन्सन कंपनीच्या इंजिन कारखान्यात शिरला आणि १८७४ साली क्रू इथल्या रेल्वे वर्कशॉपमध्ये उमेदवारीला लागला. पाच वर्षांनी ग्रेट वेस्टर्न रेल्वेत गेला. तिथे डबे आणि वाघिणी बांधण्याचं काम जवळून बघितलं. हे महत्त्वाचं आहे, कारण त्या काळचे बहुतेक इंजिनीयर इंजिनाच्या प्रेमात असायचे आणि वाघिणीकडे कुणी ढुंकून बघत नसे. कॅलथ्रॉपने मात्र वाघिणीचाच हिशोब मांडला आणि त्यातूनच त्याची रेल्वे उभी राहिली.

१८८२ साली तो भारतात आला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे आपल्याकडे जिला जीआयपी म्हणायचे, तिच्यात लोकोमोटिव्ह इन्स्पेक्टर म्हणून.

तेव्हा परिस्थिती काय होती ते बघायला हवं. मुंबईहून पुणे, सोलापूरकडे जाणारी मोठी लाइन १८६० च्या आसपासच झाली होती. पण ती लाइन गावं बघून टाकलेली नव्हती, ती मद्रासकडे जायला निघाली होती. वाटेत जी गावं लागली त्यांचं नशीब उघडलं. जी वीस-पंचवीस मैलांवर राहिली ती राहिली. बार्शी त्यातली एक. कापसाचा मोठा बाजार, दूरदूरच्या बैलगाड्या तिथे यायच्या. बार्शी तिथे सरशी ही म्हण काही उगाच पडलेली नाही. पण बार्शीचा कापूस मुंबईला जायचा तर आधी बैलगाडीने कुर्डुवाडीपर्यंत न्यावा लागे. स्टेशनचं नावही तेव्हा बार्शी रोड. रेल्वेच्या भाषेत रोड म्हणजे गाव इथे नाही, इथून रस्ता धरा. पावसाळ्यात त्या काळ्या मातीत गाड्यांची चाकं रुतली की माल तिथेच अडकायचा.

यावर सरळ उपाय म्हणजे बार्शीपर्यंत मोठी लाइन न्यायची. पण तिचा खर्च निघण्याइतका माल तिथे नव्हता. मोठ्या लाइनच्या रुळांमधलं अंतर ५ फूट ६ इंच. तिच्या वजनदार इंजिनांना जड रूळ लागतात, भक्कम भराव लागतो, रुंद पूल लागतात. १८७० नंतर सरकारने पैसे वाचवायला मीटर गेज आणलं. पुढे नांदेडवरून गेलेली निजामाच्या राज्यातली हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे याच मीटर गेजची. १९०० च्या सुमारास ती मनमाडपर्यंत पोचली. कॅलथ्रॉप या दोघांच्याही खाली उतरला. त्याने धरलं २ फूट ६ इंच.

आता अरुंद रूळ ही काही त्याची कल्पना नव्हे. अशा रेल्वे आधीपासून होत्या. पण त्यांच्याकडे सगळे खेळणं म्हणून बघायचे. मोठ्या रेल्वेची छोटी नक्कल करायची, छोट्या वाघिणी, छोटी इंजिनं, थोडा माल, आणि शेवटी तोटा. कॅलथ्रॉपचं म्हणणं वेगळं होतं. रूळ किती जवळ आहेत याने खर्च ठरत नाही, एका आसावर किती वजन पडतं याने ठरतो. आस म्हणजे दोन चाकांना जोडणारा दांडा. त्याने नियम केला की इंजिन असो, डबा असो की वाघीण, एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त वजन टाकायचं नाही. आणि सगळ्या गाडीत हे वजन जवळपास सारखं ठेवायचं.

एवढ्या एका नियमातून बाकीचं सगळं आपोआप ठरत गेलं. वाघिणीला चार आस दिले की तिचं मालासकट वजन वीस टन होऊ शकतं. मग वाघीण स्वतः जितकी हलकी, तितका माल जास्त. म्हणून त्याने लाकूड आणि जाड लोखंड टाकून दिलं आणि दाबून आकार दिलेल्या पोलादी पत्र्याच्या लांब वाघिणी बनवून घेतल्या. त्या लीड्स फोर्ज कंपनीच्या. रूळ तर किती हलके असावेत? यार्डाला ३० पौंड, म्हणजे मीटरला साधारण १५ किलो. आज आपल्या मुख्य मार्गांवर मीटरला ६० किलोचे रूळ असतात.

इंजिनाचाही हिशोब तोच. ओढायला जोर हवा तर चाकांवर वजन हवं. पण एका आसावर पाच टनच चालणार. मग ओढणारे आस वाढवा. लीड्सच्याच किट्सन कंपनीने बार्शीसाठी जी पहिली इंजिनं बांधली त्यांना आठ ओढणारी चाकं होती आणि मागे भार वाटून घ्यायला चार छोटी चाकं. पुढे एकही छोटं चाक नाही. रेल्वेच्या लिपीत हे ०-८-४ असं लिहितात. ही लिपी अमेरिकेतल्या फ्रेडरिक व्हाइट याने १९०० च्या सुमारास रूढ केली. पुढची छोटी चाकं, मधली ओढणारी, मागची छोटी, असे तीन आकडे. शेवटी टी आला तर पाण्याची टाकी इंजिनाच्या अंगावरच आहे, मागे वेगळा टेंडर नाही. बार्शीची ही इंजिनं टीवाली.

पेटीतल्या मॉडेलची ओळख पटवताना ही चाकांची मोजणी कामाला येते ती यामुळेच. ०-८-४ ही मांडणी फारशी कुठे दिसत नाही. मोठ्या लाइनवरच्या वजनदार इंजिनांना अशी कसरत करावी लागत नसे. तसंच दोन चाकांमधलं अंतर. मॉडेल कुठल्या प्रमाणात आहे हे कळलं की ते सरळ त्रैराशिक आहे. एका फुटाला ४ मिलिमीटर हे इंग्लंडमधलं नेहमीचं प्रमाण धरलं तर २ फूट ६ इंचाचे १० मिलिमीटर होतात. मॉडेल करणारे सोयीसाठी बाजारात मिळणारे ९ मिलिमीटरचे रूळ वापरतात. मीटर गेजचे होतात १३, तिथे १२ चे वापरतात. आणि मोठ्या लाइनचे पूर्ण २२. म्हणजे एकाच प्रमाणात केलेली तीन इंजिनं शेजारी ठेवली तर कुर्डुवाडीच्या मोठ्या लाइनचं, नांदेडचं आणि लातूरचं कोणतं हे मोजपट्टीवरच समजेल.

एक मात्र खरं, आपल्याकडच्या वाड्यांमध्ये किंवा जुन्या अधिकाऱ्यांच्या घरात सापडणारी बहुतेक इंजिनं यातली नसतात. ती असतात पत्र्याची, चावीची, हॉर्नबी किंवा बॅसेट-लोकची. हॉर्नबीच्या गाड्या १९२० पासून बाजारात आल्या. त्यांच्या चाकांमधलं अंतर ३२ मिलिमीटर, आणि ती नक्कल असते ४ फूट साडेआठ इंचाच्या इंग्लिश लाइनची. ती लाइन त्या काळच्या मराठवाड्यात कुठेच नव्हती. त्यामुळे चावीचं इंजिन मिळालं आणि ते आमच्या गावच्या गाडीचं आहे असं घरात सांगत आले असतील, तर ते प्रेमाने सांगितलेलं आहे इतकंच.

तर बार्शीची गाडी. कॅलथ्रॉपने १८८६ साली नोकरीतून रजा घेतली आणि कुठे कुठे अशा जोडलाइनी टाकता येतील ते बघत फिरला. १८८७ मध्ये लंडनला जाऊन इंडियन फीडर लाइन्स नावाची कंपनीही नोंदवली. पण परवानग्या, करार आणि भांडवल गोळा करणं यातच वर्षं गेली. नोकरी सुटली, तो इंग्लंडला परतला, तिथे सल्लागार इंजिनीयर म्हणून काम करू लागला, पण बार्शीचा नाद सोडला नाही. १८९५ साली म्हणजे तब्बल आठ वर्षांनी करार झाला आणि बार्शी लाइट रेल्वे कंपनी उभी राहिली. कंपनीचा सल्लागार इंजिनीयर तोच.

इंजिनं आणि वाघिणी भारतात पाठवण्याआधी त्याने लीड्सजवळ न्यूले इथे खास चाचणीचा रूळमार्ग टाकला आणि रेल्वेतल्या लोकांना, लष्करी अधिकाऱ्यांना बोलावून गाडी चालवून दाखवली. एवढ्या अरुंद रुळांवर एवढा माल जाऊ शकतो हे बघायला माणसं आली. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याची गाडी आधी इंग्लंडमध्ये गाजली, असं म्हणायला हरकत नाही.

१८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू झाली. अंतर सुमारे ३५ किलोमीटर. १९०६ मध्ये दुसऱ्या बाजूला फाटा काढून ती पंढरपूरला नेली. हा निर्णय कंपनीला तारणारा होता. कापूस हंगामी असतो, वारकरी दर वर्षी येतातच. आषाढी-कार्तिकीला एवढी गर्दी व्हायची की डबे पुरायचे नाहीत.

आणि बार्शीच्या पुढे रूळ पूर्वेला सरकत निजामाच्या हद्दीत शिरले. येडशी, तडवळे करत १९११ साली गाडी लातूरला पोचली. तेव्हा लातूर जिल्हा नव्हता, ते उस्मानाबाद जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. जिल्हा व्हायला १९८२ उजाडावं लागलं. पण व्यापारात लातूर जिल्ह्याच्या गावाच्या पुढे गेलं, त्यात या अडीच फुटी गाडीचा वाटा मोठा आहे. धान्य, डाळी, तेलबिया, कापूस यांना मुंबईचा रस्ता मिळाला. ज्या गंजगोलाईत आज १६ रस्ते येऊन मिळतात तिथल्या अडतीला माल बाहेर काढायची सोय या गाडीने केली. उस्मानाबाद शहराला मात्र या लाइनने टांग मारली. तिथल्या माणसाला गाडी धरायची तर येडशीला जावं लागे.

१९२७ मध्ये पंढरपूरहून मिरजेपर्यंत रूळ गेले आणि मिरज ते लातूर अशी जवळपास सव्वातीनशे किलोमीटरची एक सलग छोटी लाइन तयार झाली. कॅलथ्रॉपचा मृत्यूही त्याच वर्षीचा, ३० मार्च १९२७.

मधल्या काळात इंग्लंडमध्ये त्याने काय केलं ते थोडं वेगळ्याच वळणाचं आहे.

बार्शीच्या कामावर त्याला बाहेर मागणी आली. वेस्ट इंडिजमधल्या बार्बाडोस बेटावरची रेल्वे त्याच्या सल्ल्याने अडीच फुटी करण्यात आली. आणि स्टॅफर्डशायरमधल्या मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यात त्याने १९०४ साली लीक अँड मॅनिफोल्ड लाइट रेल्वे बांधली. जेमतेम १३ किलोमीटरची. तिच्यासाठी किट्सनने दोन इंजिनं दिली, दोन्ही २-६-४. एकाला तिथल्या कामावरचे इंजिनीयर जे. बी. अर्ल यांचं नाव आणि दुसऱ्याला खुद्द कॅलथ्रॉपचं. डब्यांना भारतात शोभतील अशा गच्च्या, इंजिनाच्या कपाळावर तो मोठा दिवा. धुक्यातल्या इंग्लिश खोऱ्यात बार्शीची धाकटी बहीण उभी होती. तिथे त्याने आणखी एक युक्ती केली. मोठ्या लाइनच्या आख्ख्या वाघिणी छोट्या लाइनच्या सपाट गाड्यांवर चढवून पुढे न्यायच्या, म्हणजे माल उतरवा-चढवायची कटकट नाही. कुर्डुवाडीत हमालांनी पोतीच्या पोती एका गाडीतून दुसरीत टाकताना त्याने जे बघितलं असेल, त्याचं हे उत्तर दिसतं.

पण ती रेल्वे चालली नाही. खोऱ्यात माणसं कमी, मालात मुख्य काय तर दूध, तेही मोटारींनी पळवलं. १९३४ मध्ये ती बंद झाली, रूळ उखडले, दोन्ही इंजिनं भंगारात गेली. आज त्या मार्गावर लोक सायकली चालवतात. ई. आर. कॅलथ्रॉप हे इंजिन आता फक्त मॉडेलमध्ये शिल्लक आहे. हौशी लोक ते अजूनही हाताने जोडतात, मुलांना ठेवून जातात, आणि मग मुलं ते उलटं करून चाकं मोजत बसतात.

१९१० च्या जुलैमध्ये कॅलथ्रॉपचा मित्र चार्ल्स रोल्स विमान कोसळून मेला. रोल्स-रॉइसमधला रोल्स तो हाच. इंजिनाच्या विमानाच्या अपघातात जीव गमावलेला तो पहिला ब्रिटिश माणूस. पन्नाशी ओलांडलेल्या कॅलथ्रॉपने रेल्वे बाजूला सारली आणि विमानातून माणूस जिवंत खाली कसा आणायचा याच्या मागे लागला. १९१३ मध्ये त्याने पॅराशूटचं पेटंट घेतलं. नाव ठेवलं गार्डियन एंजल, म्हणजे राखणदार देवदूत. यात पॅराशूट एका डब्यात घडी घालून विमानाला बाहेरून लावलेलं असे. माणसाने उडी मारली की त्याच्याच वजनाने ते डब्यातून खेचलं जाऊन उघडे. वजनाने काम करून घेण्याची जुनी सवय इथेही दिसते.

पहिलं महायुद्ध सुरू झालं. वैमानिक पेटत्या विमानात जळून मरत होते. कॅलथ्रॉपने पॅराशूट देऊ केलं, चाचण्याही यशस्वी झाल्या. १९१७ साली ऑर्ड-लीस नावाच्या अधिकाऱ्याने ते लावून लंडनच्या टॉवर ब्रिजवरून थेम्स नदीत उडी मारून दाखवली. हा ऑर्ड-लीस म्हणजे शॅकल्टनबरोबर दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेवर जाऊन आलेला गडी. एवढ्या कमी उंचीवरूनही छत्री उघडते हे सगळ्या शहराने बघितलं. तरीही ब्रिटिश वैमानिकांना युद्ध संपेपर्यंत पॅराशूट मिळालं नाही. ते जड होतं, विमानात जागा कमी होती, ही कारणं होतीच. शिवाय छत्री हाताशी असली तर वैमानिक विमान सोडून लवकर उडी मारेल अशी वरच्यांना भीती होती, असंही सांगितलं जातं. जर्मनांनी १९१८ मध्ये आपल्या वैमानिकांना पॅराशूट दिलं. कॅलथ्रॉपचे देवदूत वापरले गेले ते शत्रूच्या हद्दीत हेर उतरवायला. कारखाना, चाचण्या, पेटंटं यात त्याने स्वतःचा बराच पैसा घातला होता. १९१६ मध्ये तर दाबलेल्या हवेने वैमानिकाला आसनासकट बाहेर फेकण्याचंही पेटंट त्याने घेतलं होतं. हे आसन खरोखर लढाऊ विमानांत यायला पुढचं महायुद्ध लागलं.

या सगळ्यात तो अरबी घोडेही पाळत होता, आणि १९२० साली त्याने घोड्यांवर एक पुस्तक लिहिलं. चाबूक न वापरता घोडा कसा शिकवावा यावर त्याचा भर होता.

इकडे त्याची बार्शी लाइट चालूच होती. १९५४ च्या सुरुवातीला सरकारने ती ताब्यात घेतली आणि ती मध्य रेल्वेत गेली. लोकांनी तिच्या संथपणावर भरपूर विनोद केले. पुढच्या डब्यातून उतरून शेंगा घ्याव्यात आणि मागच्या डब्यात चढावं, असले. पण याच गाडीने सोलापूर, उस्मानाबाद, लातूरची माणसं शिकायला, दवाखान्याला, कोर्टाला आणि विठोबाला पोचवली. कुर्डुवाडीचं वर्कशॉप तिच्यामुळेच उभं राहिलं आणि ते अजून चालू आहे.

पुढे एकेक तुकडा मोठ्या लाइनमध्ये बदलत गेला. लातूर ते उस्मानाबाद २००७ मध्ये, तिथून कुर्डुवाडी २००८ मध्ये, आणि पंढरपूर-मिरज २०१० मध्ये. या वेळी मात्र उस्मानाबाद, आताचं धाराशिव, सोडलं नाही. नवी लाइन शहराजवळून वळवून नेली.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरच्या नळांना पाणी नव्हतं. तेव्हा मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे निघाली. १० टँकर-वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करत १२ एप्रिलला पहाटे ती लातूरला आली. रूळ नवे होते, रुंद होते, पण मिरज ते लातूर ही वाट बार्शी लाइटचीच होती.